सात नव्हे, आठ

बावीस नोव्हेंबर, शनिवार. सकाळपासून आभाळ भरलेलं, वारा अजिबात नाही, छत्री नेली ती तशीच कोरडी परत आणली... आणि तुम्हाला सांगते, पाऊस पडला असता तरी मला कळलं नसतं, कारण डोकं इतकं तापलं होतं की थेंब वरच्यावर वाळला असता. कशामुळे? सात या आकड्यामुळे. आमच्या वर्गात आम्ही आठ होतो. आठ. बोटांवर मोजा, पाटीवर मोजा, झोपेतून उठवून मला विचारा, आठच येतात. आणि दोन महिन्यांपूर्वी हा शहाणा मला फोनवर म्हणतो, “अगं, आपल्या सात जणांच्या बॅचला तीस वर्षं झाली, पुस्तक काढतोय.”

शहाणा म्हणजे आमचा मॉनिटर. तीस वर्षांपूर्वी त्याला त्या खुर्चीवर बसवलं, तो अजून खाली उतरलेला नाही. आता नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करतो. म्हणजे बघा, शहरात किती माणसं आली आणि किती गेली हे ज्याने सांगायचं, त्याला आठपर्यंत मोजता येत नाही. मी म्हटलं, “आठ.” तो म्हणाला, “हो का? बघतो.” काय बघतो? मी काय हरवलेली फाइल आहे?

आता तुम्ही विचाराल, एवढासा वर्ग कसा? अहो, युद्ध. आधी आम्ही चाळीस होतो. मग कोणाला आईबापांनी दूर नातेवाइकांकडे पाठवलं, कोणी कारखान्यात लागलं, मोठी मुलं भरतीला गेली, आणि शेवटच्या वर्षाला उरलो आठ. शाळेची पुढची इमारत सैन्याने इस्पितळाला घेतली, म्हणून आमचा वर्ग नकाशांच्या खोलीत. भिंतीवर सगळं जग टांगलेलं आणि बसायला तीन बाकं. कागद मिळत नव्हता. शाळेचं वार्षिक दरवर्षी जाडजूड निघायचं, त्या वर्षी मुख्याध्यापक म्हणाले, “तुमच्या वर्गाला एक पान. प्रत्येकाबद्दल दोन ओळी. हसतखेळत लिहा, लोकांना हसायला काहीतरी पाहिजे.” मग माझ्याकडे वळून, “तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे.”

झालं. तिथून जे चिकटलं ते चिकटलं. तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही. हजेरी तू लिही, सूचना तू लिही, जखमींची पत्रं तू लिही. आज मी बसडेपोत वेळापत्रकाचे फलक रंगवते, रोज हजार माणसं माझं अक्षर वाचतात, आणि गाडी उशिरा आली की मलाच शिव्या देतात. ते असो. आम्ही आठ होतो.

तर मी सगळ्यांवर लिहिलं. तळघरात बसून लिहिलं, गुडघ्यावर पाटी, पाटीवर तो एकच कागद, खाडाखोड करायची सोय नाही. मॉनिटरवर लिहिलं, ‘हा भोंगा वाजला की आधी माणसं मोजतो, मग पळतो. बॉम्बने थांबायला हवं.’ खोटं आहे का? भोंगा ऊर फाटेस्तोवर ओरडतोय आणि हा जिन्याच्या तोंडाशी हात आडवा करून, “एकेक, एकेक, धक्काबुक्की नाही.” खाली गेल्यावर पुन्हा मोजायचा. कंदील माझ्या हातात असायचा, कारण माझा हात हलत नाही.

एक होती पट्टी. प्रथमोपचाराच्या तासाला तिने भूगोलाच्या सरांचा हात सरावासाठी बांधला. इतका आवळून बांधला की बोटं निळी पडली, कात्रीने कापायला लागलं, आणि ही रडत रडत म्हणते कशी, “पण सर, सुटली तर नाही ना?” आज पोस्टात पार्सलं बांधते. तिने बांधलेलं पार्सल अजून कोणाला सुटलेलं नाही, लोक ते तसंच फळीवर ठेवून देतात.

मग सम आणि विषम. जुळे भाऊ. चामडं मिळत नव्हतं, घरात बूट एकच जोड, म्हणून सम तारखेला एक यायचा आणि विषम तारखेला दुसरा. आता इतिहास काही तारीख बघून शिकवत नाहीत. समला सगळ्या लढाया यायच्या, विषमला सगळे तह. एकाला कळायचं नाही भांडण मिटलं कसं, दुसऱ्याला कळायचं नाही मुळात झालं का. परीक्षेला दोघांना एकाच दिवशी यावं लागलं तर डावा बूट घालून हा आला, उजवा घालून तो. आज दोघांचं मिळून चपलाबुटांचं दुकान आहे, आणि अजूनही दोघं एकदम दुकानात बसत नाहीत. विचारलं तर सम म्हणतो, “सवय गं.”

पाचवं नाव खळ. आम्ही खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवायचो, त्याला पिठाची खळ शिजवायची, आणि हा ती खायचा. बशी बशी खायचा. कागद गळून पडायचे, पहारेकरी येऊन ओरडायचा, “या शाळेचा उजेड दिसतो कसा?” आम्ही सगळे गप्प, आणि हा ओठ पुसतोय. आज इस्पितळाच्या स्वयंपाकघराचा प्रमुख आहे. रोग्यांना काय देत असेल देव जाणे.

मोजा म्हणजे सैनिकांसाठी मोजे विणायला बसवलेली आमची मैत्रीण. तिला टाच वळवता येईना, म्हणून ती सरळच विणत राहिली. वर्षभर. चार हात लांब एक मोजा. सरांनी तो तसाच सीमेवर पाठवून दिला. कोणत्या सैनिकाला मिळाला आणि त्याने आपल्या बाजूबद्दल काय समजूत करून घेतली, कोणाला माहीत.

आणि शिट्टी. शिट्टी भोंग्याची नक्कल करायचा. अशी करायचा की गणिताची चाचणी सुरू झाली की पाचव्या मिनिटाला अख्खी शाळा तळघरात. मास्तर सगळ्यात पुढे. त्याच्यावर मी लिहिलं, ‘युद्ध थांबेल, हा थांबणार नाही.’ निकाल लागला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो भरती झाला. पुढच्या वसंतात तो गेल्याचं कळवलं त्याच्या घरी.

तर हे झाले सात. मोजलेत तुम्ही? मॉनिटर, पट्टी, सम, विषम, खळ, मोजा, शिट्टी. आणि मी. आठ. एवढं साधं आहे हो. पण माझ्या दोन ओळी त्या पानावर नाहीत, आणि त्या कोणीतरी लिहाव्यात एवढंच मला हवं होतं. मी स्वतः नाही लिहिणार. दुसऱ्या कोणीतरी. तीस वर्षं मी सगळ्यांचं लिहिलं, एकाने माझं लिहायला काय हरकत आहे? जास्त मागते का मी? दोन ओळी. बसच्या तिकिटाच्या पाठीवर मावतात.

मी मॉनिटरला पत्रं लिहिली. तीन. पहिल्या पत्राला उत्तर, “मुद्दा लक्षात घेतला आहे.” दुसऱ्याला, “मूळ कागदावर सातच नावं आहेत.” तिसऱ्याला, “बावीस तारखेला नकाशांच्या खोलीत जमतोय, मूळ कागद घेऊन येतो, समक्ष बोलू.” मी म्हटलं, ये. तू कागद आण, मी डायरी आणते. चौदाव्या वर्षापासून लिहिते मी, एक दिवस चुकलेला नाही, ताप असला तरी ताप किती ते लिहिलंय. त्या वर्षाची वही काढली, जिथे जिथे ‘आम्ही आठ’ असं लिहिलंय तिथे चिठ्ठ्या घातल्या. एकतीस चिठ्ठ्या. वही साळिंदरासारखी दिसायला लागली.

गेले. खोली तीच, नकाशे तेच, त्यातले काही देश आता नाहीत. सगळे आलेले. खळने डबा आणला होता आणि तो स्वतःच उघडून बसला होता. मी बसायच्या आत मॉनिटर उभा राहिला, बोट पुढे करून टेबलाभोवती मोजायला लागला, “...पाच, सहा, आणि मी सात. बघ, सातच आहोत.”

मी म्हटलं, “शिट्टी?”

त्याचं बोट तसंच हवेत राहिलं. मग त्याने ते खाली घेतलं आणि चष्मा पुसत बसला. पट्टी म्हणाली, “अरे, तू नोंदी करतोस ना?” सम म्हणाला, “जाऊ दे, बस तू.” बसला बिचारा. पण मी शांत झाले असेन असं वाटतं तुम्हाला? मी जास्तच तापले. म्हणजे आधी मला विसरायचं, मग त्याला विसरायचं, आणि बेरीज तीच. मी म्हटलं, “काढ कागद.”

त्याने काढला. काचेच्या चौकटीत घातलेला, नीट ठेवलेला, ते मान्य करते. म्हणाला, “याचंच छायाचित्र मुखपृष्ठावर घेतलंय, कालच छापून आलं.” मी चौकट ओढून घेतली. आणि तुम्हाला सांगते... वर मथळा. मोठा, वळणदार, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी. ‘आमचा सात जणांचा वर्ग.’

अक्षर माझं.

मी म्हटलं, हे कोणीतरी बदललंय. विषम म्हणाला, “अगं, वेलबुट्टी तुझी आहे, आजही डेपोच्या फलकावर तीच असते.” मी म्हटलं, मुख्याध्यापकांनी सांगितलं असेल तसं लिहायला. मोजा म्हणाली, “डायरीत असेल ना? बघ की त्या दिवसाचं.” त्या दिवसाला चिठ्ठी नव्हती. एकतीस चिठ्ठ्या, आणि नेमकी त्या दिवसाला नाही. पान काढलं. मोजानेच वाचलं, मोठ्याने, हिला कधी नव्हे ते मोठ्याने वाचायचं सुचलं. “थंडी. भोंगा दोनदा. सातही जणांचं लिहून झालं. वर्गातलं कोणी राहिलं नाही. खोकला कमी.”

वर्गातलं कोणी राहिलं नाही. माझ्याच हाताने. आणि मी इतके दिवस या माणसाच्या नावाने... पण तरी मला सांगा, सात माणसांपैकी एकाने तेव्हा विचारायचं नाही? “अगं, तू कुठे आहेस?” एवढं? वाचलं तर सगळ्यांनी होतं. मला चांगलं आठवतंय, प्रत्येकाने आपापल्या दोन ओळी वाचल्या, रागावला, आणि कागद पुढे दिला.

मी तसं म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. मग मॉनिटर म्हणाला, “ठीक आहे, आत्ता लिहू. बोला, हिच्याबद्दल काय?” खळ घास गिळून म्हणाला, “अक्षर चांगलं.” पट्टी म्हणाली, “हो, अक्षर फारच चांगलं.” सम म्हणाला, “अक्षर.” विषमने मान हलवली. मी उठले. खरंच उठले, पिशवी घेतली, वही घेतली, चिठ्ठ्या सगळ्या खाली सांडल्या. तेव्हा मोजा म्हणाली, “अगं थांब. तू समोर बसलीस तर कोण काय लिहिणार? तू आमची चूक काढायला पेन्सिल घेऊन बसलेली असतेस. बाहेर जा जरा.”

गेले बाहेर. बावीस मिनिटं उभी होते व्हरांड्यात, घड्याळ लावून. आत भांडण चाललेलं. “असं नाही, तसं लिही.” “ते तिला लागेल.” “लागू दे, आपल्याला लागलं नव्हतं?” मग हसणं. खूप वेळ हसणं. मग कोणीतरी शिट्टी वाजवली, भोंग्यासारखी, पण नीट जमली नाही, आणि आत एकदम सगळं शांत झालं.

दार उघडलं. मॉनिटर हातात कागद घेऊन. “झालं. पण आत्ता वाचायचं नाही, छापल्यावर वाच. फक्त काय आहे... माझं अक्षर प्रेसवाल्याला लागत नाही. तू जरा डोळे अर्धे मिटून, न वाचता, सुवाच्य उतरवून देतेस का?”

मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

आठ जानेवारी, गुरुवार. धुकं, दुपारी ऊन. पुस्तक टपालाने आलं. पट्टीने बांधलेलं होतं, सोडवायला पंचवीस मिनिटं आणि एक सुरी लागली. पानं चाळीस. पान नऊवर शिट्टी, जसा लिहिला होता तसाच. पान बारावर मी. दोन ओळी. ‘आठवी. हिने आमच्याबद्दल लिहिलेलं सगळं खरं आहे आणि ते आम्हाला मान्य नाही. तळघरात कंदील हिच्या हातात असायचा, आणि बाकीचे आम्ही त्या उजेडात एकमेकांना मोजायचो.’

मुखपृष्ठावर सात, माझ्या अक्षरात. आत आठ.