मंगळाच्या कडेवरचा ढग

सात वाजून बावीस मिनिटांनी मी म्हणालो, "काका, मला काही दिसलं नाही." सगळं तिथून फिरलं. आज बोलायचं तर तिथूनच बोलावं लागेल.

जय भीम. काकू, प्रज्ञा, परसो अंकल, खरवईतली आणि कारखान्यातली सगळी मंडळी. वामनकाकांच्या शोकसभेला तुम्ही एवढे जण आलात. माझ्या आधीचे सगळे चांगलं बोलले. मला तसं जमणार नाही. म्हणून लिहून आणलंय.

वामनकाका तुम्हाला कारखान्यातले, लेथवरचे टर्नर म्हणून माहीत. रिटायर झाल्यावर त्यांनी पिंपावर काच ठेवून, भोवती फेऱ्या मारत ती सहा महिने घासली, आरसा केला, दुर्बीण बांधली. तिच्यातून आम्ही पाच जण त्यांच्या गच्चीवर ग्रह बघायचो. नियम एकच. एकाने बघायचं, कागदावर काढायचं, कागद पालथा ठेवायचा. मग दुसऱ्याने. मधे एक शब्द नाही. दोघांच्या कागदावर तेच आलं तरच ते खरं. तरच परसो अंकल ते ग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे पाठवायचे.

मी चिखलोलीहून यायचो. ग्रहांसाठी येतो असं सांगायचो. कशासाठी यायचो ते काकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "अरे, मंगळ वर आहे. तू जिन्यात काय शोधतोस?"

मार्चमधल्या त्या संध्याकाळी गच्चीवर आम्ही दोघंच होतो. मी सरळ विचारलं. त्यांच्या मुलीबद्दल, प्रज्ञाबद्दल. लग्नाचं.

काका हसले नाहीत. म्हणाले, "कॉलेज अर्ध्यात सोडलंस. ते सोड. तिला विचारलंस का?"

"नाही."

"मग मला काय विचारतोस? ती काय माझी दुर्बीण आहे, उचलून द्यायला?"

बरोबरच बोलले होते. पण माझं डोकं सटकलं.

मग काकांनी दुर्बिणीला डोळा लावला. खूप वेळ बघितलं. चित्र काढलं, कागद पालथा ठेवला आणि पाठ करून कठड्याशी जाऊन उभे राहिले. नियम म्हणजे नियम.

मी बघितलं. मंगळ एका बाजूने थोडा झिजल्यासारखा दिसत होता. उजेड संपतो त्या कडेवर, अंधारात बाहेर आलेला एक फुगवटा होता. टाचणीच्या टोकाएवढा. ढग. खाली मंगळाच्या जमिनीवर रात्र, आणि हा इतका उंच की याच्यावर अजून ऊन. असा ढग आम्ही कधी बघितला नव्हता.

दिसला मला. ऐकताय ना? मला दिसला. मी काढलासुद्धा. मग तो कागद खिशात घातला, दुसरा घेतला आणि नुसता गोल काढला.

"काका, मला काही दिसलं नाही."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हातारा झालो रे." मी गच्चीचं दार आपटून खाली उतरलो. दार आपटू नका, दुर्बीण हलते, ग्रह थरथरतो, असं ते रोज ओरडायचे. म्हणूनच आपटलं.

मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा चाळीस मिनिटांनी मोठा. म्हणजे दुसऱ्या दिवशी आठच्या सुमारास तीच कड परत समोर येणार होती. तिसऱ्या दिवशी आणखी चाळीस मिनिटांनी. काकांनी दुर्बिणीवरचं कापड काढलंच नाही. गेल्या आठवड्यात ते गेले तेव्हाही ते कापड तसंच होतं.

मी गप्पच राहिलो असतो. पण स्मशानातून येताना परसो अंकल म्हणाले, "वामन मेरी दुकान पे आया था, कॅम्प वन में. बोला, चष्मा चेक कर. मैं बोला, साईं, आँख तो तेरी फर्स्ट क्लास है. तो बोला, फिर वो लड़का झूठ बोला क्या? मैं बोला, पूछ ना उसको. बोला, नहीं रे. मुँह से बोलेगा. कागज पे वो झूठ नहीं बोलेगा."

कागदावर तो खोटं बोलणार नाही. माझ्याबद्दल हे आजवर कोणी म्हटलंय? बाप नाही, मास्तर नाही. ते म्हणाले. आणि मी त्यांच्याशीच कागदावर खोटं बोललो.

त्यांची वही इथे फोटोपाशी आहे. उघडून बघा, तो कागद आत चिकटवलाय. गोल, फुगवटा, वेळ. आणि शेजारी त्यांच्याच अक्षरात, 'दृष्टिदोष'.

आणि हा माझा खिशातला कागद. वहीवर ठेवतो. तीच कड, तीच जागा, तीच संध्याकाळ. दोष त्यांच्या डोळ्यांत नव्हता.

परसो अंकल, दोन्ही एकत्र पाठवा. त्यांचं नाव वर. नियमाला दुसरं नाव लागतं, म्हणून माझं खाली. पुढे लिहा, याने लपवलं होतं.

प्रज्ञा, तू मान वर करू नकोस. तुला जे विचारायचं होतं, ते आता कधीच विचारणार नाही. काकू, माफी मागत नाही. ज्यांची मागायची होती, ते फोटोत गेले.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं, त्यांच्यासाठी. त्या दोन मिनिटांत मी इथे नको. मी निघतो. दार ओढून घेतो.

काका, आज आपटणार नाही.