टिकमार्कची वीज

अपूर्वा : पप्पा, तुम्हाला स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं का हो?

पप्पा : हे कुठून काढलंस आता?

अपूर्वा : माझ्या वर्गातल्या तनुजानं पैज लावली. म्हणे, डॉक्टर व्हायला लातूरच्या बॅचला निघालीस, पण घरी एक साधा प्रश्न विचारायची हिंमत न्हाई तुझ्यात. म्हटलं, आज विचारतेच! सांगा ना.

पप्पा : आधी तो खेळाचा डबा खाली ठेव. दहावी झाली काय, दिवसभर त्या खेळात तोंड घालून बसून राहिलीस.

अपूर्वा : विषय बदलला! मम्मी, बघितलंस?

मम्मी : मला मधी घेऊ नका. मी शेंगा सोलून राहिले.

पप्पा : बरं, असं करू. तुझ्याच खेळात एक डाव. तू जिंकलीस तर खरं उत्तर. मी जिंकलो तर डबा कपाटात, कॉलेज सुरू होईपर्यंत.

अपूर्वा : हाव, चालतंय! ऐका. आपण दोघं जादूगार. मंत्र म्हणायचा न्हाई, काढायचा. ह्या काडीनं स्क्रीनवर गोल काढला की ढाल. फुली मारली की समोरच्याचा मंत्र रद्द. आणि खाली जाऊन वर झेप घेणारी रेघ म्हणजे वीज. तीन मोजायच्या आत काढायचं, न्हाई तर मंत्र वाया.

पप्पा : आधी तुझ्या आईला खेळू दे. मी बघून शिकतो.

मम्मी : हे मास्तर लोक असेच! दे इकडं. गोल ना? हे बघ... एक, दोन, तीन...

अपूर्वा : मम्मी, ठिपके काय देऊन राहिलीस!

मम्मी : मग? ठिपक्यांशिवाय गोल कसा बसंल? आमच्या धर्माबादला रांगोळीत अशी नुसती रेघ ओढली तर सासू हसंल.

अपूर्वा : ठिपके त्याला कळतच न्हाईत गं! बघ, मेला तुझा जादूगार. उभ्या उभ्या.

मम्मी : मरू दे. माझ्या रांगोळीत कुणी मरत न्हाई.

पप्पा : आण. चष्मा कुठाय माझा?

अपूर्वा : डोक्यावर! चला, पहिला मंत्र तुमचा. रडायचं न्हाई हं, पप्पा... अरे! वीज?

पप्पा : लागली का?

अपूर्वा : लागली काय, अर्धी जान गेली माझी! थांबा, मी पूर आणते. तीन लाटा काढते... एक, दोन...

पप्पा : फुली.

अपूर्वा : ओ! इतक्या झपाट्यानं?

पप्पा : आणि ही घे, टिकमार्क.

अपूर्वा : पप्पा, ती वीज हाय, टिकमार्क काय!

पप्पा : तुझ्यासाठी वीज. मी बावीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासून राहिलो. बरोबर, चूक, बरोबर, चूक. हात आपोआप चालतो.

मम्मी : पडली का गं?

अपूर्वा : राख झाली माझी. इतिहासाच्या मास्तरनं हरवलं! तनुजाला तर सांगूच नका.

(अपूर्वा खेळ बंद करून डबा पप्पांच्या हातात देते.)

पप्पा : अगं, राहू दे. गंमत होती.

अपूर्वा : न्हाई. हरले ती हरले. ठेवा कपाटात.

मम्मी : अहो, पोरगी शब्दाला जागली. तुम्ही पण सांगून टाका आता.

पप्पा : काय सांगू?... नव्हतं व्हायचं मला. माझ्या वडिलांना, अण्णांना मला डॉक्टर करायचं होतं. बारावीला चिरायला बेडूक समोर आला अन् मी बेंचावरून खाली. डोळे उघडले तर शिपाई पाणी मारून राहिला.

अपूर्वा : काय सांगता! मग माझा लातूरचा फॉर्म का भरला?

पप्पा : स्टाफरूममध्ये सगळ्यांनी भरला. मुकुल सरांच्या मुलीचा, देशपांडे बाईंच्या मुलाचा. मी एकटाच मागे राहिलो असतो... तुला विचारलंच न्हाई बघ.

अपूर्वा : मी पण सांगितलं कुठं? मलाच कळत नव्हतं. पण पप्पा, एक बघितलं का? तुमचा टिकमार्क इतका वेडावाकडा, तुमच्या वर्गातल्या पोरांना पण वाचता येत न्हाई. तरी त्या डब्याला कळला. अन् मम्मीचे इतके नीट ठिपके, ते न्हाई कळले. असं का?

पप्पा : ज्यानं खेळ बनवला त्यानं तसं शिकवलं असंल त्याला.

अपूर्वा : तेच तर! कुणीतरी कुठंतरी बसून ठरवलं, कोणती रेघ मंत्र अन् कोणती न्हाई. त्याच्या घरी रांगोळी काढत नसतील म्हणून मम्मीचा जादूगार मेला. मला हे ठरवायला शिकायचंय.

मम्मी : म्हणजे खेळ खेळत बसायचं?

अपूर्वा : बनवायचं, मम्मी. त्याला गणित लागतं, लई लागतं. मला येतं पण.

पप्पा : दहा तारखेला लातूरला हजर व्हायचंय, अप्पू. होस्टेलची खोलीसुद्धा ठरली.

अपूर्वा : माहिताय. म्हणून दोघांना आत्ता सांगून राहिले. मी लातूरला जात न्हाई. इथंच नांदेडला अकरावी करणार, बायोलॉजी सोडून. खोली नको म्हणून फोन मी स्वतः करते, पप्पा, तुम्ही फक्त नंबर द्या.