तत्त्वतः मान्यता

(शनिवार, दुपारी एक. दक्षिण ऑकलंड. खासदार अनुया कारखानीस यांच्या कार्यालयातला फोन.)

जगदीश : …आणि बोलता बोलता मध्येच तोडलं मला. मी गुडघ्यापर्यंतच आलो होतो.

अनुया : काका, एक मिनिट. कोणी तोडलं?

जगदीश : तुम्हीच. गुरुवारी. आवाज हाच होता. "नमस्कार, मी अनुया कारखानीस, तुमची खासदार. कसे आहात?" मी सांगायला लागलो. रक्तदाब ठीक, डोळे यथातथा, आणि गुडघा म्हणेपर्यंत तुम्ही "या अधिवेशनात" सुरू केलंत.

अनुया : ते रेकॉर्डिंग होतं, काका. मतदारसंघातल्या सगळ्या मराठी लोकांना एकच मेसेज गेला. दोनशे अकरा फोन.

जगदीश : कळलं ते. नंतर. मग "कसे आहात" कशाला विचारायचं?

अनुया : सवयीनं विचारलं. आणि विचारून थांबले. एडिट करताना तो पॉज काढायला हवा होता.

जगदीश : तीन सेकंद थांबलात.

अनुया : मोजलेत?

जगदीश : दुसऱ्या वेळी मोजले. सुलेखाच्या मोबाइलवरही आलात ना तुम्ही. सुलेखा म्हणजे माझी बायको. तिचा मोबाइल मी चार्ज करून ठेवतो. त्या वेळी काही बोललो नाही, नुसतं ऐकलं. आत्ता तरी तुम्ही खऱ्या आहात का?

अनुया : खरी आहे.

जगदीश : आज वार कोणता?

अनुया : शनिवार. बाहेर वारा सुटलाय, आणि मी डेस्कवर बसून गार उपमा खातेय.

जगदीश : खासदार स्वतः फोन उचलतात?

अनुया : शनिवारी ऑफिसात दुसरं कोणी नसतं. तुमचं नाव सांगा ना.

जगदीश : जगदीश बिवलकर. वय शहात्तर. साताऱ्याला सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो, एकतीस वर्षं. मुलामागून इकडे आलो. स्टेशनजवळच्या रेल्वे फाटकाच्या अलीकडे राहतो. तुमच्या मेसेजच्या शेवटी होतं, प्रश्न असल्यास फोन करा. प्रश्न आहे. एकच.

अनुया : विचारा.

जगदीश : तुम्ही तीन कामं सांगितलीत. पहिलं, पावसाच्या पाण्याची गटारं. दुसरं, संध्याकाळचा दवाखाना. तिसरा, आमचा पूल. आधी हे सांगा, आमचा पूल तिसरा का?

अनुया : हा प्रश्न धरून दोन होतील.

जगदीश : हा फुकटातला.

अनुया : पहिल्या दोन्हींना पैसे मंजूर झालेत. म्हणून ती आधी सांगितली.

जगदीश : म्हणजे आधी पैसे, मग प्राधान्य. आमच्याकडेही तसंच होतं. बरं, आता खरा प्रश्न. मार्चअखेर फाटक बंद होणार. त्या जागी पादचारी पूल. आणि तुमचं वाक्य असं, "पुलाच्या लिफ्टला तत्त्वतः मान्यता मिळालेली आहे." ती लिफ्ट चालू कधी होणार?

अनुया : लिफ्ट फेज टूमध्ये आहे, काका. पुलाचं स्ट्रक्चर करतानाच लिफ्टसाठी जागा ठेवलेली आहे. फंडिंगची प्रोसेस सुरू आहे, आणि मी स्वतः मंत्र्यांशी…

जगदीश : जागा बघितली मी. चौकोनी खड्डा आहे, वर प्लायवुड टाकलंय. अनुयाबाई, "तत्त्वतः मान्यता" हे वाक्य मी एकतीस वर्षं लिहिलंय. सातारा जिल्ह्यात तत्त्वतः मान्यता मिळालेले पूल किती होते, मला विचारा. काही ठिकाणी वाट बघून ओढ्यानं पात्र बदललं.

अनुया : मी हसले, सॉरी.

जगदीश : हसा की. पण मला सोमवारी उत्तर द्यायचंय, म्हणून विचारतोय.

अनुया : कोणाला?

जगदीश : सुलेखा फाटकाच्या पलीकडच्या केअर होममध्ये आहे. दोन वर्षं झाली. तिला आठवत नाही फारसं. मी रोज अकराला जातो, तिचं जेवण होईपर्यंत बसतो, येतो. फाटकातून सहाशे चाळीस मीटर. वॉकर घेऊन वीस मिनिटं.

अनुया : आणि पुलाला जिने.

जगदीश : एका बाजूला बावन्न पायऱ्या. वॉकर घेऊन बावन्न पायऱ्या चढायला मला दुसऱ्या जन्माचा गुडघा लागेल. पुढच्या रस्त्यावरच्या पुलावरून गेलो तर दोन किलोमीटर सहाशे. बस दोन बदलायच्या. गाडीचं लायसन्स डोळ्यांमुळे गेलं.

अनुया : टॅक्सीचं सवलतीचं कार्ड असतं, ते…

जगदीश : आहे. पण इतकं जवळचं भाडं दिसलं की ड्रायव्हर कॅन्सल करतो. परवा पाऊस होता म्हणून बोलावली, तर दोघांनी केलं. तिसरा आला तोवर तिचं जेवण झालं होतं. म्हणजे झालं नव्हतं. ताट परत गेलं होतं.

अनुया : आणि सोमवार?

जगदीश : फाटकाच्या अलीकडे, आमच्या बाजूला, दुसरं होम आहे. तिथे एक खोली रिकामी झाली. सोमवारी पाचपर्यंत हो किंवा नाही कळवायचं. लिफ्ट येणार असेल तर मी नाही म्हणेन. दोन-चार महिने कसेही काढीन. येणार नसेल तर सुलेखाला इकडे आणावं लागेल.

अनुया : तुमच्या बाजूला आली तर चांगलंच ना?

जगदीश : तुम्ही डॉक्टर का?

अनुया : नाही. मेडिकल लॅबमध्ये होते. सोळा वर्षं.

जगदीश : मग थोडं कळेल. गेल्या वेळी तिला हलवलं, घरातून त्या होममध्ये, तेव्हा सहा आठवडे ती एक शब्द बोलली नाही. मी रोज जाऊन एकटाच बोलायचो. तुमच्या रेकॉर्डिंगसारखा. आता बोलते. मराठीच. इंग्रजी सगळं गेलं. आमची कोपऱ्यावर डेअरी होती, म्हणजे इकडचं किराणा दुकान, ही बारा वर्षं गल्ल्यावर उभी. दूध, पाव, लोट्टोची तिकिटं, सगळ्या गल्लीशी इंग्रजीत गप्पा. मी मागे खोकी मोजायचो. आता माझ्याशिवाय तिच्याशी बोलणारं कोणी नाही. एक सोडून.

अनुया : मुलगा?

जगदीश : शंतनू ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला. सगळे जातात तिकडे. नाही, मी म्हणतोय ती मुलगी होममध्ये काम करते. टोंगा बेटांवरची आहे. तिचं नाव मेले.

अनुया : मेले?

जगदीश : पहिल्या दिवशी आली, छातीवर हात ठेवून म्हणाली, "आय ॲम मेले." सुलेखा म्हणाली, "अगं, असं बोलू नये."

अनुया : बाप रे.

जगदीश : आता लाडानं हाक मारते. "अगं मेले, इकडे ये." आमच्याकडे म्हणतातच तसं. त्या पोरीला वाटतं, म्हातारीनं नाव बरोबर पाठ केलंय. मी काही सांगितलेलं नाही. ती पोर "पाणी" म्हणते, "जेव" म्हणते, "दुखतं का" म्हणते. मी वहीत लिहून दिले शब्द, इंग्रजी अक्षरांत. मी नसलो तर सुलेखा तिच्या हातचं खाते. आणखी कुणाच्या नाही. परवा मेलेची सुट्टी होती, म्हणून ताट परत गेलं. अलीकडच्या होममध्ये मेले नाही.

अनुया : काका, तुम्हीच तिकडे राहायला गेलात तर? त्याच होममध्ये?

जगदीश : प्रयत्न केला. एक बाई तपासायला आल्या घरी. स्वतः आंघोळ करता का, बटणं लावता का, गॅस बंद करता का. मी त्यांना चहा करून दिला. आलं घालून. त्यांनी लिहिलं, हे गृहस्थ उत्तम आहेत, यांना घरातच राहता येईल. मी पास झालो. शंतनू म्हणतो, पुन्हा बोलावू, या वेळी चहा सांडा.

अनुया : माझ्या ऑफिसकडून कोणी व्हॉलंटियर गाडीनं सोडायला…

जगदीश : रोज?

अनुया : आठवड्यातून एक-दोनदा जमेल.

जगदीश : ती रोज जेवते.

अनुया : हो.

जगदीश : तुमच्यावर राग नाही माझा. मी फक्त विचारतोय. शंतनूनं मला तुमचं इंग्रजी पत्रक पाठवलं. तो म्हणतो, बाबा, अप्रूव्ह झालंय, थांबा, आईला हलवू नका. त्याला ते झाल्यासारखं वाटतं. मराठीतलं वाक्य कोणी लिहिलं?

अनुया : मी. इंग्रजी पार्टी ऑफिसकडून आलं. मराठी मीच केलं, रविवारी बसून.

जगदीश : चांगलं केलंत. अगदी खात्यातलं वाटलं.

अनुया : मला तो शब्द कुठून आठवला कोण जाणे. पुण्यात पेपरात वाचलेला असेल. मुलीशी बोलते ते इंग्रजीत. मी मराठीत विचारलं तरी तिचं उत्तर इंग्रजीत येतं. मराठीत मी आता बहुतेक रेकॉर्डिंगच करते.

जगदीश : तरी शब्द बरोबर सापडला. लॅबमध्ये रिपोर्टवर असं लिहायचात का? "तत्त्वतः पॉझिटिव्ह"?

अनुया : नाही. असेल तर आहे, नसेल तर नाही. नक्की नसेल तर नमुना पुन्हा मागवायचा.

जगदीश : मग तसा रिपोर्ट द्या मला. मी तो कुठे दाखवायला नेणार नाही.

अनुया : काका, मी… ठीक आहे. लिफ्टला या बजेटमध्ये पैसे नाहीत. पुढच्या बजेटमध्येही मला दिसत नाहीत. लवकरात लवकर म्हटलं तर तीन वर्षं. आणि होण्यापेक्षा न होण्याची शक्यता जास्त आहे.

जगदीश : हं.

अनुया : मेसेजमध्ये मी हे असं सांगायला हवं होतं.

जगदीश : दोनशे अकरा जणांना?

अनुया : निदान तुम्हाला.

जगदीश : मला माहीतच होतं की. असली वाक्यं ओळखीची असतात. तरी माणूस दुसऱ्याकडून ऐकून घेतो. बरं. म्हणजे सोमवारी हो म्हणायचं.

अनुया : सोमवारी मी वेलिंग्टनला असेन. तुम्ही म्हणाल तर त्या होमच्या मॅनेजरशी आधी बोलते. मेलेला आठवड्यातून एकदा अलीकडच्या होममध्ये येऊ देतील का, विचारते. नक्की सांगत नाही. फक्त विचारते.

जगदीश : विचारा. असं बोललात की बरं वाटतं. आणि लिफ्ट का नाही, तेही सांगून टाका. कारण असेलच काहीतरी कागदावर.

अनुया : मोजणी. फाटकावर कॅमेरा लावलाय. चाकं घेऊन जाणारे मोजतो. व्हीलचेअर, वॉकर, बाबागाड्या. रोजची सरासरी चाळीस असली तर लिफ्टचा प्रस्ताव पुढे जातो. आपली एकोणीस आहे.

जगदीश : त्या एकोणिसात मी आहे?

अनुया : आहात. खरं तर दोनदा आहात. कॅमेरा माणूस ओळखत नाही, पार होणं मोजतो. जाताना एक, येताना एक.

जगदीश : म्हणजे एकोणिसातले दोन मी.

अनुया : हो.

जगदीश : आणि सुलेखा इकडे आली की सतरा.

अनुया : …हो. सतरा.

जगदीश : मग तो प्रस्ताव आणखी मागे जाणार.

अनुया : ते मनाला लावून घेऊ नका. तुम्ही काकूंचं बघा.

जगदीश : चाकाच्या खुर्चीतला एक माणूस आहे. साडेबाराला मी परत येताना तो समोरून येतो. टोपी लाल. नाव माहीत नाही, दोघंही नुसता हात करतो. एक पोरगी आहे, जुळी घेऊन जाते, मोठी बाबागाडी. तिची एक गाडी धरतात की दोन?

अनुया : एक.

जगदीश : हे चूक आहे.

अनुया : मीही त्यांना तेच लिहिलंय.

जगदीश : मोजणी कधीपर्यंत चालणार?

अनुया : फाटक बंद होईपर्यंत. मार्चअखेर.

जगदीश : सुलेखा पुढच्या आठवड्यात इकडे येईल. म्हणजे त्यानंतर सहा आठवडे उरतात. तेवढे दिवस मी जात राहीन.

अनुया : कुठे?

जगदीश : फाटकातून पलीकडे. सकाळी लवकर जाईन, म्हणजे अकराला तिच्याजवळ बसता येईल. एकोणीसचे सतरा होऊ द्यायचे नाहीत.

अनुया : काका, ते आकड्यांच्या दृष्टीनं… मी खरं तर नको म्हणायला हवं.

जगदीश : तुम्ही काहीच म्हणू नका. पायी फाटक ओलांडायला मनाई आहे का?

अनुया : नाही.

जगदीश : मग झालं.

अनुया : पण काकू तर अलीकडे असतील. तुम्ही एकटे पलीकडे जाऊन काय कराल?

जगदीश : परत येईन. परत आलो नाही तर दोन कसे होतील?