पुंजाजीची नात बॉल वाटत सुटते

...अन् मले सांगा, अर्धी गोष्ट सांगून मानसानं यष्टीत चढून जावं काय? पण आपल्या गावचा देवमन तसाच. केनवडच्या स्टँडवर मले म्हनते, "हौसाकाकू, तुमच्या शेजारच्या योगिनीले अमरावतीवाले विभागाच्या टीममधी नेऊन राह्यले, पण..." अन् आली गाडी, अन् गेला देवमन. तो गेला रिसोडले, त्याचा 'पण' राह्यला माह्यापाशी. दोन घास गोड लागंना त्या 'पण'पायी. आता आपल्याले काय करायचं हाय म्हना... पोट्टी लोकायची, टीम लोकायची. पण शेजारधर्म काही हाय का नाही?

म्हून गेली मी साधनाकडं, योगिनीच्या मायकडं, सांभार, म्हंजे तुमची ते कोथिंबीर, मांगाले. सांभार माह्या घरी होता, पण जाले निमित्त त लागते. साधनानं हळूच सांगतलं का बास्केटबॉलचे किशन सर म्हनते, पोरीले विभागाच्या शिबिराले पाठवा, निवडनाऱ्या बाई वाशिमच्या म्याचले येनार हायेत. पण तिचा सासरा पुंजाजीबुढा अडून बसला. यंदा कुठं खेळाले लागली पोट्टी, अन् एकबी बॉल टोपलीत टाकलेला कोनी पाह्यला नाही, मंग परगावी कायले पाठवाची? वाशिमची म्याच मी सोता पाहीन, म्हने, तिथं काही दिसलं त ठीक, नाही त खेळ बंद, भाजीच्या वाडीत हात लावाचा. योगिनी दाराआड उभी राहून ऐकून राह्यली होती, तोंड एवढंसं करून. आता आपल्याले काय करायचं हाय म्हना... पण मीबी निंघाली बुढ्यासंग वाशिमले.

तुमाले सांगतो, तो खेळ मले आधी बिल्कुल पटला नाही. बाकी पोट्ट्या जीव तोडून धावते, अन् आपली योगिनी, सगळ्यात बुटकी, बॉल आपटत आपटत अशी येते जशी बजार करून घरी चालली. हिले म्हनते तिकडं सरक, तिले म्हनते इकडं ये, अन् ऐन मोक्यावर बॉल देऊन टाकते दुसरीले! तिच्याच टीममधली, भाऊसिंगची उंच पोट्टी आरामात टोपलीत टाकते, टाळ्या भाऊसिंगच्या पोट्टीले. पुंजाजीबुढा तोंड कडू करून म्हनते, वाडीतबी हिचं असंच, गिऱ्हाइकाले मूठभर सांभार फुकटच.

मी धरलं किशन सरले. म्हनलं, हे पोट्टी सोता काहून टाकत नाही? सर म्हनले, काकू, ते पॉइंट गार्ड हाय, बाकीच्याइले खेळवनं तिचं काम... अन् लागले कागदावर रेघोट्या माराले. म्हनलं, राहू द्या सर, समजलं. पंगतीत वाढनारी! कोनाच्या पत्रावळीवरचं वरन सरलं, कोन लाजून मांगत नाही, कोनाचा नुसता हात आडवा हाय अन् मन बुंदीत हाय, हे जिले मांगतल्याबिगर समजते ते खरी वाढनारी. पंगत उठल्यावर लोक सैपाकाची तारीफ करते, वाढनारीचं नाव घेते काय कोनी? हे ऐकून बुढा जरासा पुढं सरकून पाहाले लागला.

पण मंग खोट मलेच दिसली. समोरच्या टीमची, कारंज्याची, एक चपळ पोट्टी बॉल मधातच झपकन घे. एकदा घेतला, मंग घेतच सुटली. काहून? अवं, योगिनी जिले द्याचा तिच्याकडं आधी टुकुटुकु पाहे! वाढनारीच आपल्या बहिनीच्या पत्रावळीकडं पाहाले लागली, त आख्ख्या पंगतीले समजते का बुंदी कुठं चालली. निवडनाऱ्या बाईनं पेन खाली ठेवला. बुढ्यानं पिशवी उचलली, म्हने चाल हौसा, गाडी भेटन.

आता आपल्याले काय करायचं हाय म्हना... पण मधल्या सुट्टीत गेली मी पोट्टीपाशी. पानी पिऊन राह्यली होती, डोये भरलेले.

म्हनलं, "योगिनी, मी तुमच्या आंगनात पाह्यतो, हे तुले माहीत हाय ना?"

"समद्याइले माहीत हाय, काकू."

"तवा माहं तोंड कुठं राह्यते?"

पोट्टी इचारात पडली. "तुमच्या तुळशीकडं."

"मंग? मान तुळशीकडं ठेवाची अन् डोयाच्या कोपऱ्यानं पाह्याचं. एवढी इद्या कोनी फुकटात देत नाही, पोरी."

अन् काय सांगू तुमाले! पोट्टी एका अंगाले पाह्यते, बॉल दुसऱ्या अंगाले जाते. कारंज्याची ते चपळ पोट्टी बिचारी तुळशीकडं धावत गेली, अन् बॉल भाऊसिंगच्या पोट्टीच्या हातात. बाईनं पेन उचलला. पुंजाजीबुढ्यानं पिशवी खाली ठेवली. म्याच हारली म्हना, मांगं राह्यलेलं काही भरून निंघालं नाही, पण बुढा उठला अन् सरळ बाईपाशी. म्हने, हिच्यात काही हाय काय, खरं सांगा.

बाई म्हनल्या, पूर्ण मैदान दिसते हिले, हे शिकवून येत नाही. पण डावा हात कच्चा हाय, बॉल द्याची घाई करते, अजून नवी हाय. दोन वर्सं द्या.

बुढा मैदानाकडं वळला. मंग म्हनते, "संत्र्याच्या झाडाले पाच वर्सं लागते बाई. म्हून मी ते उपटून फेकतो काय?"

साधनानं रातोरात बॅग भरली. त देवमनची गोष्ट खरी निंघाली, अर्धी. अमरावतीवाल्यायनं नेलं, पण राखीव म्हून. सद्या बाकावर बसून दुसऱ्याइचा खेळ पाह्यते, मौका भेटन तवा भेटन.

जाता जाता मात्र पोट्टीनं घरी समदं सांगून टाकलं, कोनी काय शिकवलं, कसं शिकवलं, इत्थंभूत. काल सकाळी पाह्यतो त काय, पुंजाजीबुढ्यानं रोपायवरची हिरवी जाळी काढून आमच्या मधल्या कुंपनावर ताणली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हने, आंगनाले ऊन लागते.

आता त्याइच्या घरी पाव्हने आले का नाही, हे फोडनीच्या वासावरून ओयखा लागते, बाप्पा.