उघडा हात

हसीना : अगं, हात ढिला सोड. बांगडी फुटली तर सासू मलाच बोल लावेल.

(१९५७. विंझरच्या एका धनगराघरची ओसरी. भोरची बांगडीवाली हसीना सोजराच्या हाताला साबण लावून बांगड्या उतरवते आहे. सासू बयाबाई समोर.)

बयाबाई : लावणारच. नवरा जिता असताना सुनेचा हात उघडा करतीस. तू बांगड्या भरायला येतीस का उतरवायला?

सोजरा : म्याच बोलावलं भाबीला, आत्याबाई. उद्या पहिल्या यष्टीनं पुण्याला जायाचं. डॉक्टर म्हणला, कोपरापासनं हात मोकळा पायजे. तितं तारा लावणार.

बयाबाई : विजेच्या. गावात दिवा न्हाई विजेचा, अन् हिच्या अंगात सोडणार.

हसीना : आमच्या याकूबभावजींच्या सोडली की. ट्रकवरून पडले, हात लुळा झाला होता. आधी कातडीवर ओली पट्टी ठेवतात, मग झटका. बोटं आपसूक उडतात. भावजींना हसूच आलं. मग बारीक सुई, थेट मांसात. ती दुखते, खोटं नाही सांगत. सुई आत असतानाच मूठ आवळायला सांगतात, आणि पेटीतून लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो.

सोजरा : अन् न्हाई फुटल्या तर?

हसीना : तर शीर कुठं अडलीय ते डॉक्टर हुडकतो.

बयाबाई : हुडकायचंय काय त्यात? शेळ्या पिळून करंगळी आखडली. तेल चोळ.

सोजरा : दिवाळीपासनं चोळतीया. परवा भाकरी उलथताना बोटं भाजली, मला वासानं कळलं. तुमी बघितलंत अन् तोंड फिरवलंत.

बयाबाई : डोळ्यात धूर गेला हुता.

सोजरा : ह्यांनी डाग द्यायला माणूस आणला, त्याला म्या हात दिला न्हाई. सुईला देणार. झटका बसला तर बरंच, कायतरी लागतंय एवढं तरी कळंल.

हसीना : ही शेवटची. निघाली बघ, अख्खी. हळदीचा दोरा बांध तोवर, कुणी नावं ठेवणार नाही.

बयाबाई : जाऊ नगं, सोजरे.

सोजरा : दोऱ्यानंबी भागंना तुमचं? मग बांगड्यांवर ढकलू नका. अडतंय कुठं ते सांगा. म्या जाणारच हाय.

बयाबाई : महारोग निघाला, तर तुझं ताट येगळं मांडावं लागंल. घरात ताटं मी मांडती, सोजरे. माझ्यानं ते व्हायचं न्हाई.