गोणपाटामागचा हात

मी मूळची पूर्णेची, बाप रेल्वेच्या लायनीवर कामाला, आन् मला दिली सेलूला, फुलाऱ्याच्या घरात. निजामाचं राज व्हतं तवा. दुकान सासऱ्याच्या आज्यापासूनचं, महादेवाच्या देवळाला लागून. हिंदूची मुंडावळ म्हणू नका, मुसलमानाचा सेहरा म्हणू नका, दर्ग्याची चादर म्हणू नका, समदं आमच्याच दुकानातनं जायचं. सासऱ्यानं बांधायला शिकवलं ते मला, कारण नवऱ्याची बोटं जाड आन् दिराची बोटं आळशी. केळीचं सोपट, म्हंजी खुंटाची वाळली साल, आदल्या दिशी भिजत घालायचं, मग त्याच्या दोऱ्यानं फूल गाठायचं, कोरड्यानं बांधलं की तटकन तुटतंय. एवढीच विद्या, पर मेल्या दिराला जन्मात आली न्हाई.

मग नवरा गेला पटकीनं, दोन दिसात. तेराव्याला दीर म्हणला, रांडमुंडीच्या हातची मुंडावळ कोण बांधंल कपाळाला, हिला दुकानात बसू देऊ नका. काय सांगू तुमाला, मी सासऱ्याच्या तोंडाकडं बघायले, आता बोलंल, मग बोलंल. म्हातारा म्हणला, पोरी, पडद्यामागं बस. पडदा कशाचा, सरकीचं गोणपाट टांगलं! मी मागं बांधायची, दीर म्होरं इकायचा, आन् गाव म्हणायचं काय हात हाय गड्याचा. मी आतून ऐकायची आन् दात खायची.

सासरा मेला, पुढं दिराच्या लेकीचं लगीन निघालं. दीर म्हणला, वैनी, ह्या लग्नाला तेवढा हात लावू नका, लेकीच्या कुंकवाचा सवाल हाय. आता बघा! गावच्या लेकींना कुंकू न्हवतं का? बायकोला बसवलं बांधायला, तिनं सोपट भिजवलंच न्हाई. अक्षता पडायच्या आधी नवरदेवाची मुंडावळ तुटून पाटावर. नवरदेवाची आय उठली, म्हणली, हे लगीन व्हायचं न्हाई.

मला गोठ्याकडं बसवलं व्हतं, तिकडं दीर पळत आला, वैनी, बांधा लवकर, मी नेऊन देतो. मी म्हणलं, भावजी, बांधते, पर मांडवात बसून, समद्यांच्या म्होरं, आन् उद्यापासून दुकानात बी म्होरंच बसणार. तोंड काळं ठिक्कर पडलं त्याचं. मुहूर्त टळायलाय, लेक रडायलीय. म्हणला, बरं.

सोपट माझ्या तांब्यात भिजलेलंच व्हतं. मांडवात जाऊन बसले तर विहीण वरडली, ही विधवा? मी म्हणलं, तुमच्या थोरल्याची मुंडावळ कुणी बांधली वाटली तुमाला? मीच. नांदायलाय का न्हाई तो सुखानं? सटवीनंच पोराला माझ्याम्होरं बसवलं. लगीन झालं.

दुसऱ्या दिशी गोणपाट वढून चुलीत घातलं. काई गिऱ्हाईक पायरीवर थुंकून माघारी गेलं. गेलं तर गेलं. दीर मरेस्तवर माझ्याशी बोलला न्हाई, मी बी बोलले न्हाई. तो मेला तवा तिरडीचा हार मीच बांधला, दुकान माझं ना. कोरड्या सोपटानं बांधला. वेशीपातूर बी टिकला न्हाई म्हणतेत.

लोक म्हणतेत मेल्या माणसावर राग धरू नी. मी धरते. आता माझ्याजवळ त्याचीच लेक येऊन बसती, गावातच दिलेली हाय, बोटं चांगली हायत तिची, माझ्या माघारी दुकान तीच बघणार. तुमच्या घरी लगीन असंल तर या, बाबा. तुमाला भिजवून बांधते.