काजळडोळ्या घेवडा

हो हो, तेच पाकीट, तुमच्या आईंचंच — पण लगेच पर्समध्ये नका घालू, बसा ना जरा. त्या स्टुलावर बसा, लंगडं आहे, भिंतीला टेकवलं की नाही हलत. पाणी देऊ? नको? बरं. आता जरा निवांत आहे, प्रदर्शन बघायला पुढची शाळा साडेतीनला येणार. सकाळपासून तेच ते बोलतेय मी — शंभर जाती होत्या, चार उरल्या, पिकांची विविधता वाचवा — घसा बसला माझा. आणि एवढं ऐकून मुलं विचारतात काय? मॅडम, बाथरूम कुठंय! हसा, हसा. मी पण हसले. दुसरं काय करणार?

तर तुमचा वेल वाळला. साहजिकच आहे — आई अंथरुणाला खिळलेल्या, पाणी कोण घालणार? तुम्ही नोकरीच्या गावी. नाही हो, दोष नाही देत, दोष देणारी मी कोण! मला फक्त एक सांगा, हे पेरणार कधी तुम्ही? उद्याच? उद्या रविवार, हो... बरोबर आहे. आणि आईंच्याच जागी, मागच्या दाराशी. हं.

तो बघा, मधल्या काचेखाली. सगळे तिथेच थांबतात. पांढराशुभ्र दाणा आणि डोळ्यापाशी कुणी करंगळीने काजळ टेकवल्यासारखा ठिपका. काजळडोळ्या — हे नाव आईंनीच सांगितलं मला. तीन वर्षांपूर्वी बिस्किटांच्या डब्यातून घेऊन आल्या होत्या. इथल्या बियाण्यांच्या कोठीवर तेव्हाही मीच. म्हटलं, इथे सही करा. तर म्हणाल्या, सही कसली गं, घर विकतेय का मी तुला? आणि जाता जाता म्हणाल्या, कुणी मागायला आलं तर नाही म्हणू नकोस हं, नाही म्हटलं की हा वेल रुसतो. मी मनात म्हटलं, म्हातारी गमतीची आहे.

आले ना मागायला! चार जण आले. एक माळीबुवा तर दोनदा. पाच दाणे द्या म्हणाले, पाचच. मी काय म्हणाले असेन? आजोबा, ही बियाण्यांची बँक आहे, वाण्याचं दुकान नाही. नियमच आहे तसा — साठा कमी असेल तर द्यायचं नाही, आधी शेतात लावून वाढवायचं. आणि वाढवलं का? नाही. पहिल्या वर्षी वाफा मिळाला नाही, दुसऱ्या वर्षी माणूस नव्हता, तिसऱ्या वर्षी हे प्रदर्शन आलं. पण कुलूप मात्र पक्कं हो! किल्ली माझ्या गळ्यात.

तुम्ही घड्याळ बघताय. सांगते, सांगते. प्रदर्शनात ठेवायचं बी आम्ही आधी गरम करतो — ओव्हनमध्ये, चांगला तासभर. का? भुंगा लागतो म्हणून. काचेखाली भुंगे फिरायला लागले तर लोक काय म्हणतील? पण तसं तापवलेलं बी उगवत नाही, म्हणून त्यासाठी वेगळे दाणे काढायचे असतात, वीस-पंचवीस, पुष्कळ झाले. मी काढलेही होते वीस. पण त्या मोठ्या बशीत ते इतके केविलवाणे दिसत होते ना — तळ दिसत होता बशीचा. म्हटलं, लोकांना दाखवायचंय तर भरघोस दिसू दे. सगळा डबा ओतला. हे गरम न करताच मांडू, प्रदर्शन संपलं की परत कोठीत ठेवू, असा माझा हिशेब. आणि मग... प्रदर्शनाचा ट्रे हातात आला की ओव्हनकडे वळायचं, ही पंधरा वर्षांची सवय. पाय आपोआप वळले. घड्याळ लावलं, चहाला गेले. चहा पिताना आठवलं. धावत आले तेव्हा घंटी वाजत होती, झालं म्हणून.

दिसायला काहीच फरक नाही, हेच तर! उलट चकाकी आली. दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवले. घेवडा चौथ्या दिवशी डोकं वर काढतो, पाचव्या दिवशी तर नक्कीच. मी नऊ दिवस थांबले. दहाही दाणे मऊ पडले, वास यायला लागला. तुमचा फोन आला तेव्हा साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, त्या बाईंची मुलगी आली तर देऊन टाका पाकीट. पेरेल, उगवणार नाही, म्हणेल माती बरी नव्हती. कुणाला कळणार आहे? आणि मी पाकीट भरलं, चिकटवलं, वरती तुमचं नाव घातलं, छान अक्षरात. आत्ता तुमच्या हातात दिलं तेसुद्धा मीच. तर ते... ते पेरू नका ताई. त्यात काही नाही. रोज सकाळी उठून तुम्ही त्या आळ्यात वाकून बघाल, हे मला —

शिव्या द्या. तक्रार करायची तर अर्ज त्या टेबलावर आहेत, पेन देते मी. आईंनी मागेल त्याला बी वाटलं, म्हणून ते आजवर टिकलं आणि मी सांभाळून सांभाळून...

काय म्हणालात? कुणाला दिलं होतं? थांबा, नीट सांगा. धाकट्या काकूंना? केव्हा — आई आजारी पडायच्या आधी? मग त्यांच्या कुंपणावर असेल की वेल! माहीत नाही म्हणजे? तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही? किती वर्षं? अहो, जिन्याच्या वाटणीवरून भांडलात? जिन्यावरून! आणि आईंचं नि काकूंचं घर एकाच गल्लीत? अहो, मग इथे काय बसलात माझ्यासमोर? दिवस कुठले आहेत बघा, शेंगा भरल्या असतील, काकू कोवळ्याच तोडून शिजवत असतील रोज, त्यांना काय माहीत हे बी आता दुसरीकडे कुठेच नाही म्हणून! भांडण नंतर मिटवा, नाहीतर मिटवूच नका, दारातूनच ओरडा — दोन शेंगा बियांसाठी वेलावर वाळू द्या म्हणावं. दार लावलं तोंडावर तर खिडकीतून ओरडा. नाही, फोन नको, फोन ठेवून देतील, समोर जा. ते पाकीट राहू दे इथे. पर्स घ्या. उठा. उठा ना ताई — पोचेपर्यंत काकूंच्या रात्रीच्या स्वयंपाकाची वेळ होईल, निघा!